सकाळी सरळ, दुपारी डोलतो: ग्लायडरचा एलिव्हेटर ट्रिम टिकत का नाही?

तक्रार साधारण अशी असते. दोन मीटर पंखांचा, रेडिओवर उडवायचा साधा मॉडेल ग्लायडर; शेपटीवर फक्त रडर (डावं-उजवं वळवणारं उभं पातं) आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारं आडवं पातं). सकाळी सातला मैदानावर हातातून सोडून पाहिला, ट्रिमचे (एलिव्हेटरची मधली जागा किंचित वर-खाली करणाऱ्या रेडिओवरच्या बटणाचे) दोन-चार टिक दिले, छान सरळ तरंगत गेला. अकराच्या सुमाराला तोच ग्लायडर नाक वर काढतो, हवेत थबकतो, नाक टाकतो, वेग घेतो आणि पुन्हा नाक वर. ट्रिम खाली दिला की जरा बरा होतो. पुढच्या रविवारी सकाळी पाहावं तर आता नाक खाली! पुन्हा सगळं पहिल्यापासून.

मग कुणीतरी अनुभवी माणूस सल्ला देतो, "नाकात वजन टाक." टाकलं की त्या दिवसापुरतं बरं वाटतं, कारण ग्लायडर जरा जोरात जायला लागतो. पुढच्या खेपेला डोलणं परत, म्हणून आणखी थोडं वजन. नाकात पन्नास ग्रॅम शिसं कोंबलेलं आणि एलिव्हेटर कायमचा वर वळलेला, असे ग्लायडर कुठल्याही मैदानावर एखाद-दुसरा दिसतोच.

यातली गोम अशी की लक्षण एक असलं तरी कारणं तीन जातींची आहेत. म्हणून ट्रिमच्या बटणाला हात लावण्याआधी एवढंच ठरवायचं: ट्रिम बदलतो तो कशाबरोबर? कशाहीबरोबर नाही, मनाला येईल तसा? उन्हाबरोबर? की वेगाबरोबर? याच क्रमाने दुरुस्ती करायची. वेगाची, म्हणजे सीजीची (ग्लायडर ज्या बिंदूवर तोलला जातो त्या गुरुत्वमध्याची), तपासणी सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकी तीच आधी करतात. जोडणी ढिली किंवा लवचिक असेल तर सीजी तपासायची डाइव्ह टेस्ट (नाक मुद्दाम खाली ढकलून स्टिक सोडायची आणि ग्लायडर काय करतो ते बघायचं) चक्क खोटं सांगते. ते कसं, ते पुढे येईलच.

आधी वारा आणि मोटर बाजूला काढा

समोरून झुळूक आली की कुठलाही ग्लायडर नाक वर करणार. थर्मलच्या (तापून वर चढणाऱ्या हवेच्या) कडेला शिरला तरी करणार. तो दोष नव्हे, त्यामुळे तपासणी बिनवाऱ्याच्या हवेतच. आपल्याकडे हिवाळ्यात आठ-साडेआठपर्यंतची हवा यासाठी फार चांगली. त्यानंतर जमीन तापते आणि काय ग्लायडरचं नि काय हवेचं, हे कळेनासं होतं. कामशेत किंवा पाचगणीच्या कड्यावर उडवत असाल तर तिथे या भानगडीत पडूच नका. तिथे वारा कड्यावर आदळून वर चढत असतो आणि त्यात बिघडलेला ग्लायडरही झोकात उडतो.

इलेक्ट्रिक ग्लायडर फक्त मोटर चालू असताना नाक वर घेत असेल तर तो डाउनथ्रस्टचा प्रश्न आहे. मोटर दोन-तीन अंश खाली झुकवा, नाहीतर रेडिओत थ्रॉटलबरोबर थोडा खालचा एलिव्हेटर मिक्स करा. इथून पुढचं सगळं मोटर बंद धरून वाचा.

मनाला येईल तसा बदलतो: जोडणीतला ढिलेपणा

ही तपासणी घरीच होते. रेडिओ चालू करा, ग्लायडर टेबलावर पक्का धरा. एलिव्हेटरची मागची कड जिच्यावरून सरकेल अशी पुठ्ठ्याची पट्टी शेजारी उभी करून चिकटवा. स्टिक पूर्ण मागे ओढा आणि हळूच सोडा. कड जिथे येऊन थांबली तिथे टोकदार पेन्सिलीने रेघ मारा. आता स्टिक पूर्ण पुढे ढकला, सोडा, दुसरी रेघ. दोन्ही रेघा एकमेकींवर यायला हव्यात. बहुतेक ग्लायडरांत त्या येत नाहीत.

एलिव्हेटर ४० मिमी रुंद असेल आणि रेघांत १ मिमी अंतर असेल तर तो जवळपास दीड अंशाचा फरक झाला. म्हणजे मागच्या वेळी तुम्ही वर ओढलं होतं की खाली ढकललं होतं, त्यावर ट्रिम ठरतोय. अशा ग्लायडरला ट्रिम लावणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. अर्ध्या मिमीच्या आत आलं की पुढे जा.

ढिलेपणा कुठे आहे ते बोटांनीच सापडतं. एका हाताने सर्व्होचा (एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरचा) आर्म दाबून धरा, दुसऱ्याने एलिव्हेटर हळूच हलवा. आर्म स्थिर राहून एलिव्हेटर हलला तर दोष पुशरॉडमध्ये (आर्मपासून एलिव्हेटरपर्यंतच्या काडीत) किंवा हॉर्नमध्ये (एलिव्हेटरवरच्या भोकं असलेल्या छोट्या दांड्यात). आर्मसकट हलला तर सर्व्होचे गिअर झिजलेत किंवा सर्व्होच जागेवरून हलतोय. हे दुसरं कारण आपल्याकडे फार सापडतं, कारण फोमच्या ग्लायडरमध्ये सर्व्हो ग्लू गनने चिकटवायची पद्धत आहे. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या डिकीत ग्लायडर दोन तास राहिला की तो गोंद मऊ पडतो. सर्व्हो अर्धा मिमी सरकतो आणि गार झाल्यावर त्याच वाकड्या जागी घट्ट बसतो. वरून बघितलं तर काहीच झालेलं नसतं! सर्व्होला प्लायवूडची छोटी चौकट करा, स्क्रूने बसवा आणि ती चौकट फोममध्ये एपॉक्सीने चिकटवा.

तारेचा झेड-बेंड (झेड अक्षरासारखं वळवलेलं टोक) ज्या भोकात बसतो ते भोक मोठं झालेलं असेल तर आर्म बदला, किरकोळ खर्चाचं काम आहे. आणि भोकं निवडताना नवखी मंडळी हमखास उलटं करतात. "एलिव्हेटर जास्त हलला पाहिजे" म्हणून सर्व्होच्या आर्मचं बाहेरचं भोक आणि हॉर्नचं आतलं भोक घेतात. मग हालचाल फारच होते, म्हणून रेडिओत ती पन्नास टक्क्यांवर आणतात. यात सर्व्होचा सगळा ढिलेपणा मोठा होऊन एलिव्हेटरपर्यंत पोचतो आणि सर्व्होची निम्मी अचूकता वाया जाते. आर्मला आतलं भोक, हॉर्नला बाहेरचं, रेडिओत शंभर टक्के: पैसा न खर्चता होणारी ही सगळ्यात मोठी सुधारणा आहे.

बिजागरीचंही बघून घ्या. स्वस्त सेलोटेपची बिजागरी उन्हात गोंद सोडते आणि एलिव्हेटर स्टॅबपासून (शेपटीच्या स्थिर आडव्या भागापासून) मागे सरकतो. टेप बदला, दोन्ही बाजूंनी लावा.

उन्हाबरोबर बदलतो: पुशरॉडची लांबी

ज्यांचा ग्लायडर "सकाळी वेगळा, दुपारी वेगळा" आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा. लाकडी किंवा फायबरच्या धडाच्या बहुतेक ग्लायडरांत एलिव्हेटरपर्यंत नायलॉनची नळी आणि तिच्या आत नायलॉनचीच दुसरी बारीक नळी किंवा काडी असते. बसवायला सोपी, वळणातूनही जाते, म्हणून लोकप्रिय. पण नायलॉन तापलं की लांब होतं, आणि थोडंथोडकं नाही. १ मीटर नायलॉन १ अंश तापलं की साधारण ०.०८ मिमी वाढतं. तेवढ्यालाच पोलाद ०.०१२ मिमी वाढतं. बाल्सा आणि इतर लाकडं उभ्या रेषेत त्याहूनही कमी वाढतात आणि कार्बन जवळजवळ वाढतच नाही.

आता पुण्याचा जानेवारी घ्या. सकाळी १२ अंश, दुपारी ३०. फरक १८. आतली नळी ७० सेंमी लांब असेल तर ती १ मिमी लांबली. बाहेरची नळी दोन्ही टोकांना धडाला चिकटवलेली आहे आणि धड लाकडी आहे, ते वाढलं नाही. म्हणजे तो अख्खा १ मिमी हॉर्नवर गेला. हॉर्नचं भोक बिजागरीपासून १५ मिमीवर असेल तर एलिव्हेटर पावणेचार अंश फिरला. तुम्ही स्टिकला हातही लावलेला नाही, रेडिओ म्हणतोय ट्रिम जागच्या जागी आहे, आणि शेपटीवर मात्र पावणेचार अंश. उन्हात ठेवलेल्या गडद रंगाच्या धडाच्या आत तापमान हवेपेक्षा बरंच वर जातं, तेव्हा प्रत्यक्षात याहून जास्तच.

कुठल्या दिशेला फिरला, हे हॉर्न कुठे आहे त्यावर ठरतं. हॉर्न एलिव्हेटरच्या खालच्या अंगाला असेल तर लांबलेली नळी त्याला मागे ढकलते, एलिव्हेटरची मागची कड वर जाते आणि ग्लायडर दुपारी नाक वर काढतो. हॉर्न वरच्या अंगाला असेल तर नेमकं उलट, दुपारी नाक खाली. तुमच्या तक्रारीची दिशा याच्याशी जुळत असेल तर आजार पकडला गेलाच म्हणून समजा.

तरी खात्री करायची असेल तर मघाचीच पेन्सिलीची पट्टी वापरा. सकाळी गारव्यात रेडिओ चालू करून रेघ मारा. मग ग्लायडर अर्धा तास उन्हात ठेवा, किंवा केस वाळवायचा ड्रायर मंद आचेवर धडाच्या बाजूने सावकाश फिरवा. फिल्मचं आवरण असेल तर ड्रायर लांबूनच, नाहीतर ती आखडेल. स्टिकला हात न लावता कड बघत राहा. दोन-अडीच मिनिटांत ती पेन्सिलीची रेघ सोडून सावकाश निघून जाताना डोळ्यांना दिसते. ड्रायर बंद केला की तितक्याच सावकाश परत येते. ज्याने हे एकदा पाहिलं त्याला नायलॉनबद्दल पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

भरीला पावसाळा. नायलॉन हवेतला ओलावा शोषून घेतं आणि त्यानेही लांब होतं. म्हणून मेमध्ये बसवलेला ट्रिम जूनअखेरीस, तापमान उतरूनही, भलतीकडेच गेलेला असतो. दिवसाचा बदल उन्हाचा आणि ऋतूचा बदल ओलाव्याचा, दोन्ही एकावर एक चढतात आणि माणूस पार चक्रावतो.

उपाय एकच, नायलॉन काढा. बाहेरची नळी राहिली तरी चालेल, आतलं बदला. दीड किंवा दोन मिमीची कार्बन काडी सरळ मार्गावर उत्तम. तिच्या टोकांना तारेचे तुकडे जोडताना मात्र काळजी घ्या. नुसतं फेविक्विक लावून तार आणि कार्बन शेजारी चिकटवलं तर एखाद्या खडबडीत लँडिंगला जोड सरकतो. दोन्ही पृष्ठभाग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा (मास्क लावून, कार्बनची धूळ फुप्फुसाला आणि कातडीला वाईट), वीस-पंचवीस मिमी तार काडीला समांतर ठेवा, शिवणाचा दोरा जवळ जवळ गुंडाळा आणि वर पातळ एपॉक्सी मुरवा. कार्बन मिळत नसेल किंवा खर्च नको असेल तर बाल्साची सरळ काडी घ्या. जुन्या नकाशांवर पुशरॉड बाल्साचाच दाखवलेला असतो तो उगाच नाही. ६ मिमी चौकोनी काडी, दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधलेली तार. धडात जागा असेल तर माझं मत बाल्सालाच: हलका, ताठ, आणि ऊन-गारव्याला दाद न देणारा.

कोणी सुचवेल की सर्व्होच शेपटीत बसवा, पुशरॉडची कटकटच नको. गणित करून बघा. नऊ ग्रॅमचा सर्व्हो सीजीच्या ७० सेंमी मागे बसवला, तर त्याला तोलायला ३० सेंमी पुढे नाकात एकवीस ग्रॅम लागतात. नऊशे ग्रॅमच्या ग्लायडरवर विनाकारण तेवढं जास्तीचं वजन. मोठ्या स्पर्धेच्या ग्लायडरांत त्याला कारणं असतात, आपल्या दोन मीटरवाल्याला नाहीत.

फोमच्या धडात खेळ उलटा चालतो, हे मात्र ध्यानात ठेवा. थर्माकोलच्या जातीचा फोम स्वतःच नायलॉनच्या जवळपास वाढतो. त्यातून पोलादी तार नेली असेल तर धड लांबतं आणि तार मागे राहते, म्हणजे हॉर्न पुढे ओढला जातो. हॉर्न खाली असला तरी दुपारी नाक खाली जाईल. इथे तार बदलून उपयोग नाही. धडाच्या लांबीभर कार्बनची नळी किंवा पट्टी चिकटवून धडाचंच वाढणं रोखायचं.

आणि काडी कुठलीही असो, बाहेरच्या नळीला दर दहा-पंधरा सेंमीवर धडाच्या भिंतीचा आधार द्या. अधांतरी लोंबणारी नळी ढकलताना धनुष्यासारखी वाकते. टेबलावर ते दिसत नाही, हवेत वेग वाढला की दिसतं.

दर जोडणीला बदलतो: पंखाची बैठक आणि बॅटरी

ही उपजात. घरी गेल्यावर पंख काढला, पुढच्या वेळी बसवला आणि ट्रिम वेगळा. रबरबँडने बसणाऱ्या पंखाची बैठक तपासा. २०० मिमी रुंद पंखाखाली एका टोकाला १ मिमीचा फरक म्हणजे ०.३ अंश. अशा ग्लायडरात पंख आणि स्टॅबमधला कोनच मुळी दोन अंशांच्या आसपास असतो, त्यातला हा सातवा हिस्सा. बाल्साची किंवा फोमची बैठक लँडिंगच्या धक्क्यांनी चेपते. मागची बाजू चेपली तर पंखाचा कोन वाढतो आणि नाक वर, पुढची चेपली तर खाली. बैठकीच्या दोन्ही टोकांना पातळ प्लायवूड चिकटवा, आणि रबरबँड दर वेळी तितकेच आणि त्याच जागी.

बॅटरी वेगवेगळ्या वापरत असाल तर तेही मोजा. एक बॅटरी दुसरीपेक्षा ३० ग्रॅम जड आहे आणि सीजीच्या २५ सेंमी पुढे बसते. नऊशे ग्रॅमच्या ग्लायडरचा सीजी आठ मिमी सरकला. बॅटरीमागे लाकडाचा एक ठोकळा चिकटवा, म्हणजे ती लाँचच्या झटक्याने मागे जाणार नाही. नुसत्या वेल्क्रोवर विसंबू नका, बॅटरीचं प्लॅस्टिक आवरणच आतल्या आत सरकतं.

वेगाबरोबर बदलतो: आता सीजी

वरचं सगळं आटोपलं, रेघा जुळतात, ऊन दिलं तरी कड हलत नाही, पंख दर वेळी तसाच बसतो. आता उरलेलं डोलणं खरं.

नाक वर, थबक, नाक खाली, वेग, परत नाक वर. हे जे लांब हेलकावे आहेत त्यांचा अभ्यास फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने मॉडेल ग्लायडर उडवूनच केला होता आणि १९०८ मध्ये तो छापला. त्यांच्या एका फेऱ्याला लागणारा वेळ ग्लायडरच्या वेगावर ठरतो: मीटर प्रतिसेकंदातला वेग गुणिले ०.४५, इतके सेकंद. सात मीटर वेगाच्या संथ ग्लायडरला तीन सेकंदांपेक्षा थोडा जास्त. याचा उपयोग असा की स्टिक पूर्ण सोडून द्यायची आणि मनात आकडे मोजायचे. हेलकावे तीन सेकंदांच्या ठेक्यात, आपोआप, एकसारखे येत असतील तर तो ग्लायडरचा स्वभाव. स्टिक सोडल्यावर थांबत असतील तर ते तुमच्या अंगठ्याचे होते; प्रत्येक डुबकीला उशिरा दुरुस्ती देऊन तुम्हीच ते वाढवत होता. नवशिक्यांच्या दहा तक्रारींतल्या निदान काही तरी अशाच असतात.

हेलकावे पूर्ण कधीच जात नाहीत. ग्लायडर जितका गुळगुळीत, जितका कमी अडथळ्याचा, तितके ते हळू विरतात. दोन-तीन फेऱ्यांत विरले तर सोडून द्या. विरत नसतील, किंवा एका साध्या धक्क्याने ग्लायडर थेट स्टॉलपर्यंत (वेग पडून पंखांची उचल जाण्यापर्यंत) जात असेल, तर बहुतेक वेळा सीजी फार पुढे आहे आणि एलिव्हेटर वर धरून त्याला उचलून धरलेलं आहे. पुढचा सीजी आणि वरचा एलिव्हेटर एका विशिष्ट वेगालाच एकमेकांना तोलतात. वेग वाढला की एलिव्हेटरचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, शिशाचं वजन आहे तेवढंच राहतं. म्हणून नाक उसळतं. वेग पडला की शिसं जिंकतं आणि नाक पडतं. नाकात आणखी वजन टाकल्याने हे वाढत का जातं, ते यावरून उमगेल.

सुरुवातीला सीजी पंखाच्या सरासरी रुंदीच्या ३३ ते ३५ टक्क्यांवर ठेवा, पुढच्या कडेपासून मोजून. पंख टोकाकडे निमुळता असेल आणि पुढची कड मागे वळत असेल तर हे माप धडाजवळच्या रुंदीवर घेऊ नका, फसाल. दोन पेन्सिलींच्या खोडरबरांवर पंख तोलून पाहा, बॅटरीसकट आणि कॅनॉपीसकट (धडावरच्या झाकणासकट).

मग डाइव्ह टेस्ट. साठ-सत्तर मीटर उंची, बिनवाऱ्याची हवा, सूर्य पाठीशी. आधी हात सोडून सरळ, संथ तरंगेल असा ट्रिम लावा. मग नाक तीस-चाळीस अंश खाली ढकला, दोन सेकंद धरा आणि स्टिक मधोमध सोडा.

झटकन उसळून वर आला, तर सीजी पुढे. नाकातून पाच ग्रॅम काढा, एलिव्हेटरचा ट्रिम तेवढा खाली आणा, पुन्हा करा. त्याच उतरंडीवर राहिला किंवा मोठा गोल घेत आळसावल्यासारखा वर आला, तर बरोबर. मला हा दुसरा प्रकार आवडतो. अगदी सरळ जाणारा ग्लायडर थर्मल छान दाखवतो, पण दूर गेला की डोळ्यांवर आणि अंगठ्यावर ताण देतो. आणि नाक आणखी खाली टाकत गेला, तर सीजी मागे गेलाय. लगेच पण हळुवार वर ओढा, झटका दिलात तर पंख मधून दुमडेल.

आता ते खोटं बोलण्याचं. समजा सीजी पुढे आहे आणि एलिव्हेटर वर आहे, पण पुशरॉड लवचिक आहे. डाइव्हमध्ये वेग वाढला की हवा एलिव्हेटरला दाबून सपाट करते. वर उचलणारा जोर तिथेच संपतो आणि ग्लायडर खाली टाकत जातो. बघणारा म्हणतो, "सीजी मागे आहे, नाकात वजन टाक." झालं! रोगाच्या नेमकं उलट औषध. सुरुवातीला सांगितलेले पन्नास ग्रॅम बऱ्याचदा याच वाटेने साठलेले असतात. घरची खूण अशी: रेडिओ चालू ठेवून एलिव्हेटर बोटाने हलकेच दाबा. सर्व्हो न हलता तो दोन-तीन मिमी दबला तर डाइव्ह टेस्ट करण्यात अर्थ नाही.

वजनासाठी टायरवाल्याकडे मिळणारे चिकट बॅलन्सिंगचे तुकडे वापरा, पाच आणि दहा ग्रॅमचे येतात आणि वजन त्यावर छापलेलंच असतं. नऊशे ग्रॅमच्या ग्लायडरात ३० सेंमी पुढचा पाच ग्रॅमचा एक तुकडा सीजी दीड मिमीपेक्षा थोडा जास्त हलवतो. एका वेळी एवढंच. पंधरा-वीस ग्रॅम एकदम काढून "बघू काय होतं ते" करू नका.

सीजी जमला की एलिव्हेटर स्टॅबच्या रेषेत आहे का ते बघा. दोनेक मिमी खाली राहत असेल तर पंख आणि स्टॅबमधला कोन गरजेपेक्षा जास्त आहे; पंखाच्या मागच्या कडेखाली १ मिमी प्लायवूडची पट्टी घाला. वर राहत असेल तर पट्टी पुढच्या कडेखाली. मग एलिव्हेटर सरळ करून परत उडवा. शेवटी क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाची, आट्यांवर फिरणारी चिमटी) फिरवून रेडिओवरचा ट्रिम शून्यावर आणा, म्हणजे पुढच्या वेळी कुणी चुकून बटण दाबलं तरी परतायची जागा माहीत असते.

बिनशेपटीच्या फ्लाइंग विंगला यातलं ढिलेपणाचं आणि उन्हाचं सगळं लागू आहे, सीजीचे आकडे मात्र अजिबात नाहीत. तिथे तो बराच पुढे, सहसा १५ ते २५ टक्क्यांत असतो, आणि इलेव्हॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पाती) थोडे वर असणं हाच त्यांचा नियम आहे.

एवढं करूनही डाइव्हमध्ये नाक टाकत असेल तर

पुशरॉड ताठ, सीजी ३३ टक्क्यांवर, तरी वेगात नाक खाली. मग पंख पिळला जातोय. क्लार्क वायसारख्या बाकदार छेदाचा पंख वेगात स्वतःलाच नाक खाली अशा दिशेने पिळतो. पातळ फोमचा किंवा फिल्म ढिली पडलेल्या बाल्साचा पंख त्याला अडवू शकत नाही. पंखाचं टोक दोन बोटांत धरून पिळून पाहा, धडाजवळच्या भागाच्या मानाने ते सहज चार-पाच अंश फिरलं तर हेच कारण. फोमच्या पंखाला खालून-वरून तिरकी फायबर टेप मारा. बाल्साच्या पंखाची फिल्म पावसाळ्यानंतर सैल पडून सुरकुतलेली असते, तिला इस्त्री करून ताणा. इस्त्री करताना टोक हव्या त्या कोनात पिळून धरा आणि गार होईपर्यंत सोडू नका. दोन्ही पंख सारखे झालेत का ते मागून एका डोळ्याने बघा, आणि दुसऱ्या दिवशी परत बघा, कारण बाल्सा रात्रीतून थोडा मूळ जागी जातो. गेलाच तर पुन्हा इस्त्री, या वेळी हव्या त्यापेक्षा थोडं जास्त पिळून.